चर्चच्या वळणाची नारिंगी रेषा

मी बोलतेय. इकडे, उजवीकडे, वरच्या कोपऱ्यात. नाही, ती जिवंत अळ्यांची जाहिरात. तिच्या जरा खाली. रंगाचे पाच ठिपके आणि प्रत्येकापुढे बारीक अक्षरात एकेक नाव दिसतंय ना? तीच मी. आलेखाची सूची.

कुठला रंग कुणाचा हे सांगणं एवढंच माझं काम. पण लोक रेषा बघतात, रेषांवरून भांडतात, आणि मग शेजारच्याला विचारतात, "यातली निळी कुठली रे?" मी तिथेच असते, वीतभर अंतरावर. शेजारीही माझ्याकडे बघत नाही. तो म्हणतो, "धक्क्याची असेल." असते खरी. पण ते त्याचं नशीब.

आमचं घराणं जुनं आहे. माझी पणजी एका लढाईच्या नकाशाच्या कोपऱ्यात बसायची. एका सरदाराने तिच्यावर कॉफी सांडली, आणि दुसऱ्या दिवशी दलदलीला कुरण समजून अख्खं घोडदळ आत घातलं. त्यातले काही घोडे अजून चिखलातून बाहेर यायच्या वाटेवर आहेत असं आमच्या घरात सांगतात. खरं-खोटं मला विचारू नका. मी फक्त रंग सांगते.

माझा स्वतःचा जन्म मिनेसोटातला, हेग तळ्याकाठी, डार्ला क्विस्टच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर झाला. डार्लाची हयात काउंटीच्या रस्तेखात्यात नकाशे काढण्यात गेली होती. निवृत्त झाल्यावर तिने चार दिवस कोडी सोडवली, मग कंटाळून बर्फाचा आलेख काढायला घेतला.

तिकडे तळं गोठलं की गावाचा अर्धा संसार त्याच्यावरच मांडला जातो. बर्फावर खोपटी उभी राहतात, खोपट्यांत शेगड्या पेटतात, भोकं पाडून त्यात गळ सोडून माणसं तासन्‌तास बसतात आणि पिकअप गाड्या पाण्यावरून अशा जातात जणू खाली डांबर आहे. म्हणून बर्फ किती जाड, हा तिथला सगळ्यात जुना प्रश्न. चालत्या माणसाला चार इंच पुरतो. पिकअपला पंधरा तरी लागतो.

मासे धरणाऱ्यांच्या मंडळातले पाच जण तळ्यावर पाच ठिकाणी गिरमिटाने भोक पाडायचे, पट्टी घालून जाडी मोजायचे आणि आकडा पाठवायचे. पाच ठिकाणं, पाच रेषा. धक्का निळा, पाइनचं टोक हिरवं, मधला उथळा जांभळा, जुना पूल तपकिरी आणि चर्चचं वळण नारिंगी. आलेख दोन ठिकाणी राहायचा: मार्लिस ब्रेकेच्या आमिषाच्या दुकानात, बारक्या माशांच्या टाकीवरच्या मोठ्या पडद्यावर, आणि मंडळातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये. त्यामुळे मी एकाच वेळी टाकीवरही असायची आणि सतरा खिशांतही. कुणाच्या खिशात तंबाखू, कुणाच्या खिशात गळ. एकाच्या खिशात मागच्या वर्षीचं सँडविच होतं.

माझ्या अंगात डार्लाने एक सोय ठेवली. नावावर बोट ठेवलं की त्या नावाची रेषा नाहीशी होते आणि नाव फिकट पडतं. पुन्हा बोट ठेवलं की रेषा परत. पडदा लावला त्या दिवशी तिने सगळ्यांना दाखवून दिलं.

"पाच जणी एकदम बोलायला लागल्या की एकीचंही ऐकू येत नाही," डार्ला म्हणाली. "मग चौघींना जरा गप्प करायचं, पाचवीचं नीट ऐकायचं, आणि सगळ्यांना पुन्हा बोलू द्यायचं. शेवटचं विसरू नका."

"हीच सोय मंडळाच्या सभेत बसवता येईल का?" ड्वेनने विचारलं.

हा ड्वेन ब्रेके, मार्लिसचा नवरा आणि मंडळाचा अध्यक्ष. खांदे दारात न मावणारे, आवाज मांजरासारखा मऊ. दुकानात दोघं शेजारी उभे असले की गिऱ्हाईक हिशेब तिला विचारायचं आणि हवामान त्याला.

आता ऑर्व्हल हेगस्टाड. चर्चचं वळण मोजायचं काम त्याच्याकडे होतं, म्हणजे नारिंगी रेषा त्याची. ऑर्व्हल म्हातारा, विधुर, आणि गावातला पहिल्या नंबरचा थापाड्या. त्याने म्हणे एकदा एवढा वॉलआय मासा ओढून काढला की तळ्याची पातळी उतरली आणि शेजाऱ्याची बोट चिखलात बसली. फोटो काढला होता, पण फोटोच इतका जड झाला की भिंतीवरचा खिळा निघाला. मला तो फार आवडायचा. दुकानात आला की सगळ्यात आधी माझ्याकडे बघायचा, आपल्या वळणाचं नाव जागेवर आहे ना ते तपासायचा आणि मग कॉफी घ्यायचा. माझ्याकडे बघणारा तो एकच.

त्या हिवाळ्यात चार रेषा वर चढत गेल्या. ऑर्व्हलची चढली, थांबली, आणि मग खाली यायला लागली.

चर्चचं वळण म्हणजे तळ्यावरची सगळ्यात भरवशाची जागा. चर्चच्या अंगणातूनच गाड्या बर्फावर उतरायच्या. ड्वेनच्या आजोबांनी तिथून घोडागाडी नेली होती. तिथला बर्फ पातळ म्हणजे पाद्रीबाबा नास्तिक म्हटल्यासारखं.

"सात इंच?" ड्वेनने विचारलं. दुकानात तेव्हा पाच-सहा जण कॉफी घेत उभे होते. "ऑर्व्हल, बाकी सगळीकडे सतराच्या वर आहे."

"तळाशी झरा फुटलाय," ऑर्व्हल म्हणाला. "खालून गरम पाणी येतंय."

"किती गरम?"

इथे ऑर्व्हलने तोंड मिटलं असतं तर ही गोष्ट मी तुम्हाला सांगत बसले नसते. पण सहा माणसं कान देऊन उभी आहेत आणि हातात कॉफी आहे. अशा वेळी जातिवंत माणसाला राहवत नाही.

"परवा भोकात अंडं सोडलं," तो म्हणाला. "तीन मिनिटांत उकडलं. मीठ मात्र घरून न्यावं लागलं."

सगळे हसले. तोही हसला. मग कप ठेवून म्हणाला, "पण सात इंच खरंच आहे हं," आणि ते ऐकायला कुणी उरलं नव्हतं, कारण हसू अजून चाललं होतं.

तो गेल्यावर ड्वेन पडद्यासमोर उभा राहिला. "ऑर्व्हलची पट्टी माशाला लांब आणि बर्फाला आखूड," तो म्हणाला. "बिचारा. पुढच्या शनिवारी मासे धरायच्या शर्यतीला बाहेरगावचे लोक येणार. ते ही रेषा बघून विचारतील, ही कुणाची? आणि मग आपल्याला सांगावं लागणार."

त्या मुलखात माणसाला तोंडावर 'तुझं चुकतंय' म्हणणं म्हणजे त्याच्या ताटात थुंकण्यासारखं. गाडीने पाय चिरडला तरी माणूस म्हणतो, दुसरा शाबूत आहे. तेव्हा ऑर्व्हलची चारचौघांत फजिती होऊ नये म्हणून ड्वेनने मऊपणे, देवघरातला दिवा मालवावा तसं, माझ्यातल्या नारिंगी नावावर बोट ठेवलं.

नारिंगी गेली. खालची जागा रिकामी झाली तशी उरलेल्या चार रेषा ऐसपैस पसरल्या आणि चौकटभर डौलात उभ्या राहिल्या. आलेखाची हीच तर खोड. एक घर पडलं की बाकीच्यांचं अंगण मोठं होतं.

"सुबक दिसतंय," कुणीतरी म्हणालं.

ड्वेनने ते तसंच जतन केलं आणि सगळ्यांच्या फोनवर पाठवून दिलं. माझं पाचवं नाव सतराच्या सतरा खिशांत एकदम फिकट पडलं.

"त्याला कळलं तर?" मार्लिसने विचारलं.

"कळलं तरी तो काही बोलणार नाही."

हे मात्र अगदी बरोबर निघालं. दुसऱ्या दिवशी ऑर्व्हल आला, माझ्याकडे बघितलं, आणि बघतच राहिला. दुकानात तो एकटा होता. मार्लिस मागे अळ्यांचे डबे भरत होती. त्याने बोट वर केलं. माझ्यातल्या फिकट नावापासून बोट एवढ्याशा अंतरावर आलं. तेवढ्यात दाराची घंटा वाजली आणि दोघं जण आत आले. ऑर्व्हलने बाही पुढे ओढली, धूळ बसल्यासारखा पडदा पुसला आणि मागे फिरला.

"घ्या ना, ऑर्व्हल, लिंबाची वडी घ्या," मार्लिस बाहेर येत म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

"एवढी मोठी? अर्धी दे."

"पूर्णच घ्या."

त्याने अर्धीच घेतली. कॉफी छान झालीय म्हणाला आणि गेला. आकडा पाठवणं मात्र त्याने सोडलं नाही. रोज येत होता. मी तो घेत होते, रेषा पुढे सरकत होती, पाठीमागे, अंधारात. साडेसहा. सव्वासहा. सहा. तिथे एक शब्दही बोलायची मला मुभा नव्हती. सूचीला आवाज नसतो. असतो तो फक्त फिकट आणि गडद.

शर्यतीच्या आदल्या दिवशी दुकान आवरताना मार्लिस नवऱ्याला म्हणाली, "चर्चच्या वळणाला तू एकदा गिरमिट घालून बघ ना."

"ऑर्व्हलच्या भोकाशेजारी?"

"मग काय झालं?"

"अगं, तो बघेल. त्याच्या भोकाशेजारी मी माझं भोक पाडायचं म्हणजे सरळ खोटारडा म्हटल्यासारखंच झालं. त्याच्या बायकोच्या मयतीला मी खांदा दिलाय."

"लपून बघ."

"बर्फावर लपून?" ड्वेन हसला. "मार्लिस, सगळ्या रेषा सतराच्या वर आहेत. बघ ना."

तिने बघितलं. चार रेषा होत्या आणि चारही सतराच्या वर होत्या. माझ्यावरून तिची नजर पाण्यावरून वारा जावा तशी गेली.

शनिवारी सकाळी शर्यत. बर्फावरचा रस्ता आखायचा मान अध्यक्षाचा. त्या गावात नाताळ झाल्यावर झाडं फेकत नाहीत. ती बर्फात रोवून गाड्यांना वाट दाखवतात. ड्वेनने पिकअपमध्ये झाडं भरली, काहींना अजून चमकी चिकटलेली होती, आणि चर्चच्या अंगणातून गाडी बर्फावर उतरवली. फोन समोरच्या खाचेत ठेवलेला. फोनवर आलेख, आलेखाच्या कोपऱ्यात मी, आणि आवाजाला मार्लिस, दुकानातून.

"लोक जमले का?" तिने विचारलं.

"अजून नाही. ऑर्व्हल आहे फक्त."

"कुठे?"

"वळणावर. त्याच्या भोकापाशी उभा आहे. हात करतोय." तिकडची रीत अशी की गाडीतल्या माणसाने चाकावरचा हात सोडायचा नाही, फक्त एक बोट उचलायचं. ड्वेनने बोट उचललं. "बघ, उगाच काळजी करत होतीस. म्हातारा रागावलेला नाही."

"कसा करतोय हात?"

"दोन्ही हातांनी. टोपी काढून. खूश दिसतोय."

मग मार्लिस म्हणाली, "ड्वेन, ऑर्व्हल कधी दोन्ही हातांनी हात करत नाही."

ड्वेनने ब्रेक दाबला. पण बर्फाला ब्रेकचं कौतुक नसतं.

आवाज मोठा झाला नाही. लोकांना वाटतं, धडाम होत असेल. जाड कापड फाटावं तसं काहीतरी झालं आणि गाडीचं नाक खाली गेलं. फोन खाचेतून सुटून काचेवर आदळला, त्याच्याबरोबर मीही. पाणी पायांकडून आलं. ड्वेन दारावर खांदा मारत होता. ते खांदे, जे दारात मावायचे नाहीत. मार्लिस फोनमधून त्याचं नाव घेत होती, एकदाच, मग पुन्हा एकदाच, ग्राहकाला हाक मारावी तशी हळू, कारण तिला ओरडायची सवय नव्हती.

आता पुढचं मी सांगितलं तर तुम्ही म्हणाल ही ऑर्व्हलच्या वळणावर गेली. म्हणा. पाणी काचेवर चढत आलं, त्याची एक जीभ माझ्यावरून सरकली आणि चर्चच्या वळणाच्या फिकट नावावर टेकली. फोनला काय, बोट आणि पाणी सारखंच. नाव गडद झालं. नारिंगी रेषा आली. बाकी चौघी अंग चोरून वर सरकल्या आणि ती एकटी खाली उतरत गेली, सात, साडेसहा, सहा, आणि शेवटचा ठिपका त्या सकाळचा: साडेपाच. ड्वेनचा चेहरा पडद्याच्या उजेडात होता. त्याने बघितलं की नाही, देव जाणे. मला वाटतं बघितलं. मला असं वाटू नये म्हणून मी पुष्कळ प्रयत्न केला आहे.

मग त्या फोनमधली मी विझले. उरलेल्या सोळा खिशांतली मी आणि टाकीवरची मी तशीच राहिले, पाचवं नाव फिकट घेऊन.

ऑर्व्हल पोटावर सरकत गाडीने पाडलेल्या भोकापर्यंत गेला होता. त्याच्याकडे गळाची दोरी होती. भोकात नाताळची झाडं तरंगत होती आणि त्याने एकेक झाड बाजूला केलं, शेवटी अग्निशामकवाल्यांनी त्याचे पाय धरून त्याला मागे ओढलं. त्याच्या हातात तेव्हाही फांदी होती.

चर्चच्या तळघरात ड्वेनच्या मयतीचं जेवण झालं. बटाट्याचा थर लावलेलं हॉटडिश, हॅमचे पाव, कॉफी. ऑर्व्हल कोपऱ्यात बसला होता. 'मी सांगत होतो' हे तीन शब्द त्याच्यापाशी होते आणि अख्ख्या गावाला माहीत होतं की आहेत. मी बऱ्याच जणांच्या खिशांतून ऐकत होते. त्याने ते कॉफीबरोबर गिळले. त्या दिवसापासून त्याचा एकही मासा मोठा झाला नाही. आकडाही आला नाही.

पुढच्या आठवड्यात डार्ला दुकानात आली आणि कुणाला न विचारता तिने नारिंगी रेषा लावली. "आता ही कायमची दिसेल," ती म्हणाली. मला वाटलं, सुटले. मला तेवढीच अक्कल.

कारण मंडळाचे लोक आले, टाकीपाशी उभे राहिले, एकमेकांकडे बघू लागले. मार्लिस मागच्या खोलीत होती, डार्ला गल्ल्यापाशी.

"ती रोज इथे उभी राहणार," एक जण हळूच म्हणाला.

"रोज," दुसरा म्हणाला. "आणि डोळ्यांसमोर हे."

"बघवणार नाही तिला."

"पण सांगायचं कोणी डार्लाला?"

कुणीच सांगणार नव्हतं. आणि मग गर्दीतून ऑर्व्हल पुढे आला. माझ्यासमोर उभा राहिला. या वेळी त्याने बाही ओढली नाही. स्वतःच्या वळणाच्या नावावर स्वतःच बोट ठेवलं आणि नाव फिकट होईपर्यंत ठेवून राहिला.

मार्लिस बाहेर आली, पडद्याकडे बघितलं, त्यांच्या चेहऱ्यांकडे बघितलं. "आभारी आहे," ती म्हणाली. "फार चांगले आहात तुम्ही सगळे." डार्लाने आपला कोट उचलला आणि पुन्हा दुकानात पाऊल टाकलं नाही.

आता दुसरा हिवाळा चालू आहे. गाड्या हल्ली चर्चकडून उतरत नाहीत, जुन्या पुलाकडून उतरतात. तिथे मोजणारा माणूस नवा आहे, मागच्या उन्हाळ्यात गावात राहायला आला, फारसा बोलत नाही. त्याची तपकिरी रेषा बरेच दिवस वर जात होती. आता थांबली आहे. किंचित खाली यायला लागली आहे. परवा टाकीपाशी कुणीतरी म्हणालं, "नवखा आहे, पट्टी तिरकी धरत असेल. त्याला कशाला लाजवायचं?" आणि एक बोट वर आलं. तेव्हा सध्या मी अशी आहे: पाच नावं, त्यातली दोन फिकट. तीन रेषा, चौकटभर पसरलेल्या. माझ्या जन्मात आलेख इतका देखणा कधी दिसला नव्हता. शर्यत येत्या शनिवारी आहे.

आमच्यासारख्यांच्या आत्मकथेत शेवटी एक विनंती असते. माझीही आहे, सवयीने करते: कुठेही आलेख दिसला, तर आधी कोपऱ्यात बघा, कुठलं नाव फिकट आहे का, आणि असेल तर त्याच्यावर एकदा बोट ठेवा. तुम्ही ठेवणार नाही. तुमचं काही चुकतं असं मी म्हणत नाही. तेवढी मीही आता तिकडची झालेय.

रोज दुकान बंद करताना मार्लिस दाराची पाटी उलटी करते, कोट घालते आणि माझ्यासमोर येते. नारिंगी नावावर बोट ठेवते. रेषा येते. ती रेषेचं ते शेवटचं टोक बघत उभी राहते, टाकीतले मासे तिच्या कोटावर उजेड हलवत राहतात. मग ती रेषा पुन्हा घालवते. सकाळी लोक येतील, रेषा दिसली तर त्यांना वाटेल आपण एवढी काळजी घेतली ती वाया गेली. त्यांना वाईट वाटायला नको.

जाताना तिचं बोट तपकिरी नावाला जवळजवळ लागून जातं. रोज. लागत नाही.